कुंदाच्या मायची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला नाही, मुलींना नाही. आणि जिच्याजवळ मी आयुष्यातलं जवळजवळ सगळं बोलले, त्या कुंदाला तर नाहीच. तिला कसं सांगणार? गोष्टच तिची आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. सांगायला बसले की आधी हसूच येतं. कारण ते दिवस — खरं सांगते — फार मजेचे होते. इतक्या आनंदाच्या दिवसांत माणूस असं काही करतं का? मी केलं. म्हणून आधी ते दिवस सांगते, मग ते सांगेन. पळून जाणार नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य. मिनेसोटात, मिनियापोलिसच्या जवळच्या एका गावात आम्ही राहायचो. मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं आमचं पुण्याचं, आणि आमच्याच रस्त्यावरचं कुंदाचं नागपूरचं. कुंदा एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होती. ती हसली की ग्रोसरीच्या दुकानात पलीकडच्या रांगेतले लोक वळून बघायचे. तिला त्याचं काही नसायचं. इंग्रजीचं मात्र असायचं. शाळा सगळी मराठीतून झालेली, त्यामुळे फोनवर कुणी भराभर बोलायला लागलं की ती रिसीव्हर माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घे बाप्पा, तुझ्या पुण्याच्या कानानं ऐक."

आमच्या गावच्या शाळेत नव्यानं आलेल्या मुलांसाठी इंग्रजीचा एक वेगळा वर्ग होता. लाओसची, व्हिएतनामची, सोमालियाची मुलं त्यात असायची, आणि एक वर्ष कुंदाचा सिद्धार्थही होता. तो वर्ग बंद करायचं घाटत होतं. शाळांचा कारभार बघायला गावातले लोक मत देऊन माणसं निवडतात, ते स्कूल बोर्ड — त्या बोर्डाच्या बैठकीला आम्ही दोघी मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. बाहेर पार्किंग लॉटमध्ये आल्यावर कुंदा गाडीचं दार उघडताना थांबली.

"विद्या, तू उभी राहा."

मी म्हटलं, "उभीच आहे की."

"बोर्डासाठी म्हणते मी. माझं सिटिझनशिप अजून व्हायचं आहे, तुझं झालंय. इथं इलेक्शनला रन करतात, आपल्याकडं उभे राहतात. तू उभी राहा. पळायचं मी बघते."

आणि ती खरंच पळाली. शेजारच्या कॅरलला तिनंच गाठलं. कॅरल लायब्ररीतून रिटायर झालेली बाई, गावातल्या निम्म्या लोकांना लहानपणापासून ओळखणारी. तिच्या बेसमेंटमध्ये आमचं ऑफिस थाटलं. मुलांनी अंगणात रोवायच्या पाट्या रंगवल्या. आम्ही दोघी संध्याकाळी दारोदार जायला लागलो. एका आजोबांनी माझं नाव वाचून विचारलं, "व्हिडिओ? दुकान कुठं टाकताय?" मी समजावत होते तोवर कुंदानं त्यांना सांगून टाकलं की दुकान शाळेतच आहे, फुकट आहे, फक्त मत द्या. आजोबा इतके हसले की त्यांनी आम्हाला आत बोलावून सफरचंदाचा गोड 'ॲपल पाय' खायला घातला. एकदा एक भलंमोठं कुत्रं अंगावर आलं, तेव्हा कुंदानं पर्समधली चकली काढून त्याच्यापुढं टाकली आणि आम्ही फाटकाबाहेर सुटलो. हॅलोविनच्या आठवड्यात तर लोकच आमच्या हातात चॉकलेटं ठेवायला लागले. कुंदा पिशवी हलवून बघत म्हणाली, "मतदारच उमेदवाराला वाटून राहिले. आपल्या गावी सांगितलं तर कोणी विश्वास नाही ठेवणार."

त्या पानगळीच्या दिवसांत मी जेवढी हसले तेवढी पुन्हा कधी हसले असेन का? नाही वाटत.

आणि त्याच दिवसांत तिनं मला मायची गोष्ट सांगितली.

बेसमेंटमध्ये आम्ही दोघीच होतो, पत्रकांच्या घड्या घालत. सहज विषय निघाला. कुंदाची माय, गिरजाबाई, नागपूरला घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला तेंदूची पानं. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं — तिच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या मुलीला शाळेत घेतंय कोण? कुंदा पहिलीत गेली तेव्हा मायनं एक नियम केला. रोज शाळेतून आलं की त्या दिवशी जे शिकवलं ते मायला शिकवायचं. पाटी एकच, ती कुंदाची. मग माय सुपातला तंबाखू हातानं सपाट करायची आणि त्यात बोटानं अक्षर काढायची. क, ख, ग. विड्या न्यायला कारखान्याचा माणूस आला की सूप हलवायची, अक्षरं गायब. तो गेला की पुन्हा सपाट. असं करत करत माय वाचायला लागली. पुढं कुंदाला मोठ्या शाळेत घालताना तिथल्या क्लार्कनं, न विचारताच, शाईचं पॅड मायपुढं सरकवलं. मायनं पदराला बोट पुसलं आणि ते पॅड परत सरकवलं. म्हणाली, "पेन द्या."

"आणि मग तिनं पूर्ण नाव लिहिलं," कुंदा म्हणाली. "इतकं हळू लिहिलं, त्या माणसाचा चहा थंड झाला. पण वेलांटी नाही चुकली."

सांगताना ती हसत होती. डोळ्यांत पाणी माझ्याच आलं. ती म्हणाली, "रडते काऊन? ही काय रडायची गोष्ट आहे?" खरंच नव्हती. मी ऐकलेली ती सगळ्यात आनंदाची गोष्ट होती. आणि ती तिनं तिथं कुणालाही सांगितली नव्हती, मला सांगितली.

आता येतेच मुद्द्यावर.

उमेदवारांना लोकांसमोर बोलायचं होतं. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, माइक खरखरत होता. माझ्याआधी एक दंतवैद्य बोलले, मग फुटबॉलचे जुने कोच. कोचनं हॉल हसवून सोडला. मग माझा नंबर. प्रश्न सगळ्यांना एकच होता — शाळा तुम्हाला का महत्त्वाची वाटते? मी त्या वर्गाबद्दल बोलायची तयारी केली होती, मुद्दे पाठ होते. समोर बघितलं तर लोक घड्याळ बघत होते. एक बाई कोट घालायला लागली होती.

आणि मी म्हटलं, "माय मदर."

माय मदर विड्या वळायची. माय मदर तंबाखूत अक्षरं काढायची. पॅड परत सरकवलं, पेन मागितलं — सगळं. कुंदानं सांगितलं होतं तसंच, थंड चहासकट. कोट घालणारी बाई परत खाली बसली. हॉल इतका शांत झाला की माइकची खरखर ऐकू येत होती. मग लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

माझी आई संस्कृतची एम. ए. आहे. पुण्यात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. तिची आईसुद्धा शिकलेली, आईची आजीही पोथी वाचायची. विडी आमच्या घरात कुणी पाहिलेलीही नव्हती. आमच्याकडं पाटी कधी कमी पडली नाही, शाळेचं दार कुणी अडवलं नाही. ज्यांच्यासाठी ते अडवलं होतं, त्यांच्यातल्या एका बाईनं स्वतःच्या बोटानं जे मिळवलं, ते मी उचललं आणि माझ्या आईच्या नावावर लावून टाकलं. टाळ्यांसाठी. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की 'माझी मैत्रीण' म्हणायचं होतं, घाईत चुकलं. चुकलं नव्हतं. 'माय मदर' म्हणताना मला पक्कं माहीत होतं मी काय म्हणतेय. 'मैत्रिणीची आई' म्हटलं असतं तर लोक उभे राहिले असते? कदाचित राहिले असते. मी ते करून बघितलं नाही.

एवढंच असतं तर मी कुंदाजवळ केव्हाच कबूल केलं असतं, असं मला वाटतं. पण एवढंच नाही.

परत येताना गाडी मी चालवत होते. कुंदा शेजारी. आमच्या रस्त्यावर वळताना म्हणाली, "छान बोललीस. पण विद्या — तू 'माय मदर' म्हणालीस का?"

रागानं नाही. फक्त विचारलं. त्या क्षणी 'हो' म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर.

मी हसले. म्हटलं, "अगं वेडे, मी 'माय' म्हटलं, आणि त्यांना कळावं म्हणून पुढं 'मदर'. 'कुंदाज माय'. तुझी माय. त्या माइकनं 'कुंदाज' खाल्लं, आणि तुला 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझी' वाटलं." ती माझ्याकडं बघत राहिली. मग मी पुढं म्हटलं — हे मी नसतं म्हटलं तरी चाललं असतं, पण म्हटलं — "भराभर इंग्रजी बोललं की तुझा गोंधळ होतो, तूच म्हणतेस ना?"

हा माझा गुन्हा. गोष्ट चोरली तो लहान होता.

कारण तिनं ते मानलं. कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. "अवं माय. आणि मी तिथं बसून काय काय विचार करून राहिली होती तुझ्याबद्दल. सॉरी यार." सॉरी ती म्हणाली. मला.

मी निवडून आले. तो वर्ग वाचला, हे खरं आहे, आणि त्याचा आनंदही खरा आहे. आमच्या घरी पार्टी झाली, सगळी मराठी घरं जमली. आम्ही दोघी सोडून त्यातलं कुणीच, श्रीकांतसुद्धा, त्या हॉलमध्ये नव्हतं. कुंदानं सगळ्यांना स्वतःवरचा विनोद म्हणून तो किस्सा सांगितला — विद्या म्हणाली 'माय', आणि मला ऐकू आलं 'माय'. लोक पोट धरून हसले. मीही हसले. हातात श्रीखंडाची वाटी होती, ती मी संपवलीही.

त्यानंतर कुंदा मला विचारायला लागली. शाळेतल्या बाई काही बोलल्या, डॉक्टर काही बोलले, लॅबमधल्या साहेबांनी मीटिंगमध्ये काही सांगितलं, की संध्याकाळी फोन. "असं असं म्हणाले. मी बरोबर ऐकलं असेल ना?" पूर्वी ती मजेत रिसीव्हर माझ्या हातात द्यायची. ही मजा नव्हती. दर वेळी ती बरोबरच असायची. मी "हो, बरोबर" म्हणायचे. आणि मला — हे सांगणं जड जातंय — मला ते थोडं आवडायचंही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई आली. कॅरलनं तिच्यासाठी मागच्या अंगणात जेवण ठेवलं. आई कडक इस्त्रीच्या साडीत, चष्मा नीट करत खुर्चीत बसली. कॅरलनं तिचे दोन्ही हात हातात घेतले, बोटांकडं बघितलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, की या हातांबद्दल तिनं खूप ऐकलंय, अक्षरं शिकायला या बोटांनी किती कष्ट घेतले. आईनं माझ्याकडं बघितलं. मी मराठीत घाईनं म्हटलं, "तू इतकी वर्षं मुलींना शिकवलंस त्याबद्दल बोलतेय." आईनं मान डोलावली आणि तिच्या मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत कॅरलला उत्तर दिलं की कष्ट पुष्कळ पडले, कारण वेलांट्यांच्या बाबतीत मुली फार निष्काळजी असतात.

कॅरल भारावली. आई खूश झाली. बघणाऱ्याला हसू आवरलं नसतं, आणि आज मलाही आवरत नाही. पण कुंदा तिथंच होती, कणसं भाजत. तिनं सगळं ऐकलं. 'अक्षरं', 'बोटं' — सावकाश, एकेक शब्द सुटा. गोंधळ व्हायला जागाच नव्हती. मग तिनं एक कणीस माझ्या आईच्या ताटात ठेवलं. "काकू, गरम आहे, सांभाळून," म्हणाली, आणि कॅरलच्या कोपराला धरून तिला गुलाब दाखवायला घेऊन गेली.

मला वाचवलं तिनं. त्या दिवसानंतर "मी बरोबर ऐकलं ना?" असे फोन बंद झाले. बाकी काही बदललं नाही. कॉफी, मुलांचे वाढदिवस, बर्फात अडकलेल्या गाड्या ढकलणं, तिचं ते हसणं. मी वाट बघत होते की ती विचारेल, तेव्हा सांगीन. ती का विचारेल? सांगायचं मला होतं.

माझी मुदत संपली, मी पुन्हा उभी राहिले नाही. तोवर कुंदा सिटिझन झाली होती. दशक संपत आलं होतं. एका सकाळी तिनं माझ्या किचनमध्ये येऊन जाहीर केलं, "आता मी रन करून राहिली. तू पळ." आणि मी पळाले. जीव तोडून पळाले, एकही दार सोडलं नाही. ते दिवस पहिल्यापेक्षा मजेचे होते. पाट्या रंगवायला आता सिद्धार्थ आणि माझ्या मुली मोठ्या झाल्या होत्या. त्या म्हणायच्या, "कुंदामावशी, यू आर गोइंग टू विन, डोंट वरी." ती म्हणायची, "वरी तुझी आई करते, मी नाही."

तोच हॉल. माइक नवा होता. नागपूरहून माय आली होती, पांढऱ्या लुगड्यात, पुढच्या रांगेत ताठ बसलेली. तोच प्रश्न कुंदाला विचारला. ती उठली. मला वाटलं दुसरं काही सांगेल — ती गोष्ट आता गावाच्या लेखी माझी होती, तिला ती कशी वापरता येणार? कुंदानं माइक हातात घेतला, मायकडं बोट केलं आणि म्हणाली, "धिस इज गिरजाबाई."

आणि तिनं ती सांगितली. सगळी. तिच्या स्वतःच्या इंग्रजीत, अडखळत नाही, घाई नाही. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगितली, कारण ती लोकांना हसवत होती. मी रडवलं होतं. क्लार्कच्या चहापाशी तर अख्खा हॉल खदखदला. मायला एक शब्द कळत नव्हता, पण आपल्याबद्दल आहे हे कळलं. ती उठली, हॉलकडं वळली, हात जोडून खणखणीत आवाजात "जय भीम" म्हणाली. लोकांना अर्थ कळला नाही, तरी सगळे उभे राहिले. मी टाळ्या वाजवत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी बाकी सगळं विसरले. खरंच विसरले, घटकाभर.

मग कॅरल माझ्या कानाशी वाकली. तिच्या कपाळावर आठी होती. ही तर तुझ्या आईची गोष्ट ना, तिनं विचारलं.

किती सोपं होतं. हॉल भरलेला, माय उभी, कुंदा मंचावर. मी म्हटलं, "आमच्याकडं अशा पुष्कळ आया असतात."

कॅरलची आठी गेली. तिनं माझा हात दाबला.

कुंदा निवडून आली, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मतांनी. तिच्या बेसमेंटमध्ये पार्टी झाली. मुलं नाचत होती, श्रीकांतनं मायला धरून दोन पावलं टाकायला लावली आणि माय लाजून पदरात तोंड लपवून हसत होती. कुंदाला घाम फुटला होता नाचून. ती माझ्याशेजारी जिन्याच्या पायरीवर येऊन बसली, खांद्याला खांदा लावून, आणि समोर मायकडं बघत म्हणाली, "एक विचारू? त्या वर्षी, तुझ्या भाषणाला — मी चुकीचंच ऐकलं होतं ना?"

तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. ती खुशीत होती. दार तिनं उघडून धरलं होतं, मी फक्त आत यायचं होतं. इतकी खुशीत होती की त्या रात्री तिनं काहीही माफ केलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

"हो गं," मी म्हटलं. "माइक खराब होता."

तिनं माझ्याकडं बघितलं. थोडा जास्त वेळ. मग ती उठली, मला हात देऊन उठवलं आणि नाचायला ओढत घेऊन गेली. आम्ही दोघी खूप नाचलो.

तिनं बरोबर ऐकलं होतं. शब्द न् शब्द. तिचं इंग्रजी तेव्हाही चांगलंच होतं.